थंडा डाम

माझ्यावर सर्वांत जास्त ऋण कोणाचे, असे मला कोणी विचारले तर मी डॉक्टर गजानन रिसबूड यांचे नाव सांगतो. ऐकणाऱ्याला वाटते, त्यांनी याला शिकवले असेल. तेही खरेच आहे. आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी इंग्रजी शाळेत गेलेले नव्हते. तापीकाठच्या गावातून मी नंदुरबारला शिकायला आलो तेव्हा डॉक्टरांनी दवाखान्यामागची खोली मला राहायला दिली, माझे इंग्रजी घासूनपुसून घेतले आणि मॅट्रिक झाल्यावर पुण्याच्या कॉलेजात जायला लावले. मी बी. ए. झालो, मास्तर झालो. हे सगळे मी सभेतही सांगितले आहे. पण ज्याला मी ऋण म्हणतो ते वेगळे आहे. आजवर ते मी कोणाजवळ बोललो नाही, कारण माय जिवंत होती. तिला वाचता येत नव्हते, तरी वाचून दाखवणारे गावात पुष्कळ होते. आता माय राहिली नाही, म्हणून लिहितो.

डॉक्टर कोकणातले. इतक्या लांब पश्चिम खानदेशात ते का आले, हे मला कधी कळले नाही. उंच, सडपातळ माणूस. चष्म्याची एक दांडी मोडलेली, तिच्या जागी सुतळी कानावरून घेतलेली. रोग्याला हात लावण्यापूर्वी दोन्ही तळवे एकमेकांवर चोळून गरम करण्याची त्यांना सवय होती. खिशात खडीसाखर असायची, ती पोरांसाठी आहे असे ते म्हणत, पण बहुतेक स्वतःच खात.

गावातल्या लोकांना त्यांचे आडनाव जमत नसे. "रिसबूट डाक्टर" असेच सगळे म्हणत. एकदा कोणीतरी दुसऱ्याला विचारताना मी ऐकले, "बूट डाक्टरना दवाखाना कोठे शे रे?" डॉक्टरांनी खिडकीतून डोके बाहेर काढून उत्तर दिले, "आठेच शे. ये, पन बूट काढी ये."

कारण डॉक्टरांनी अहिराणी शिकायला घेतली होती, आणि तिचा त्यांना मोठा अभिमान होता. पुण्यामुंबईहून आलेले इतर अधिकारी रोग्याशी पुस्तकी मराठीत बोलत आणि रोगी माना डोलवून घरी जात. डॉक्टरांना ते खपत नसे. "दुखतं म्हणजे काय? दुखण्याला यांच्याकडे कितीतरी शब्द आहेत," ते मला सांगत. मग आलेल्या म्हाताऱ्याला विचारत, "बाबा, ठणकस का चमकस?" म्हातारा खूश होऊन सविस्तर सांगे. अहिराणीत अहोजाहोचा फार बडेजाव नाही, त्यामुळे डॉक्टरही सरसकट सगळ्यांना अरेतुरे करत. एकदा त्या भरात त्यांनी मामलेदारांना "बठ रे, तुन्हं काय दुखी ऱ्हायनं?" असे विचारले. मामलेदार साताऱ्याकडचे. ते उभेच राहिले. डॉक्टरांच्या लक्षात आले तेव्हा त्यांनी तितक्याच गंभीरपणे सांगितले, "साहेब, या खोलीत पोट सगळ्यांचं सारखंच असतं." मामलेदार बसले.

दुसरी त्यांची सवय म्हणजे औषधाआधी वाईट सांगायचे. "काळजी करू नका" हे वाक्य त्यांच्या तोंडून मी कधी ऐकले नाही. कुठलाही उपचार करण्यापूर्वी ते खुर्ची पुढे ओढून बसत आणि म्हणत, "आधी वाईट ऐकून घ्या. चांगलं नंतर सांगतो." पुष्कळ रोगी वाईट ऐकूनच उठून जात. आमच्या शेजारच्या धर्मशाळेतला वैद्य म्हणायचा, "रिसबूट डाक्टर रोग्याले पहिले घाबरावस, मग तो घरी जाईसन आपोआप बरा व्हस."

आता थंडीच्या उपचाराबद्दल सांगायला हवे.

स्टेशनाजवळ मोतीलालशेठ यांचा सोडावॉटरचा कारखाना होता. शेठजींचे घराणे मूळ मारवाडचे, पण तीन पिढ्या नंदुरबारात. सोड्यासाठी लागणारा गॅस लोखंडी नळकांड्यांतून सुरतेहून आगगाडीने येई. एके दिवशी डॉक्टर तिथे सोडा प्यायला गेले असता एका नळकांड्याची चावी सैल झाली आणि फुसफुसत गॅस बाहेर पडू लागला. चावीच्या तोंडाशी पांढरा भुगा साठला. नोकराने तो बोटाने पुसला आणि चटका बसल्यासारखा ओरडला. डॉक्टर सोडा तसाच ठेवून उठले. मुंबईच्या इस्पितळात शिकत असताना कातडीच्या रोगांवर हाच भुगा वापरलेला त्यांनी पाहिला होता. गॅस जोराने बाहेर पडला की त्याचे बर्फ होते, पाण्याच्या बर्फापेक्षा कितीतरी थंड. ते दाबून कांडी करायची आणि रोगट जागेवर टेकवायची. तेवढी जागा गोठते, मरते, आणि काही दिवसांनी खपली होऊन गळून पडते.

शेठजींना हे पटवायला वेळ लागला.

"डागदरसाब, म्हारो गॅस बाटलीमें भरनेको है. माणसामें भरोगे तो माणूस फुटेगा!"

"फुटणार नाही शेठजी. बाहेरून लावायचा आहे."

"तो फिर मेरे कू पैले लगाव," असे म्हणून शेठजींनी मानेवरचा वाटाण्याएवढा मस दाखवला. "ये गया तो गॅस फुकट."

डॉक्टरांनी लगेच होकार दिला नाही. चांभाराकडून त्यांनी मऊ कातड्याची पिशवी शिवून घेतली, चावीला बांधली, गॅस सोडला आणि पिशवीतला भुगा लाकडी नळीत ठोकून खडूसारखी कांडी केली. ती पहिल्यांदा त्यांनी स्वतःच्या डाव्या हातावर, मनगटाच्या वर टेकवली. कातडी मेणासारखी पांढरी आणि टणक झाली. थोड्या वेळाने ती वितळली आणि लाल झाली. तेव्हा डॉक्टर दात आवळून म्हणाले, "थंडी दुखत नाही. थंडी गेली की दुखतं." दुसऱ्या दिवशी तिथे पाण्याचा टपोरा फोड आला, मग खपली धरली. खपली पडल्यावर खाली रुपयाएवढा पांढरा डाग राहिला. तो कायमचा. पुढे ते प्रत्येक रोग्याला बाही वर करून तो दाखवत. "हे वाईट. असा पांढरा डाग पडेल. गोऱ्या साहेबाच्या अंगावर दिसत नाही, आपल्या अंगावर दिसतो."

शेठजींचा मस गेला. गॅस फुकट झाला.

कांडी किती वेळ टेकवायची, याचे त्यांचे माप त्यांनी स्वतःच बसवले होते. घड्याळाकडे पाहिले तर हात हलतो, म्हणून ते आगगाडीची स्टेशने संथपणे मोठ्याने म्हणत. साध्या चामखिळीला खांडबाऱ्यापर्यंत. जुनाट गाठीला चिंचपाड्यापर्यंत. फारच हट्टी असेल तर नवापूर. "नवापूरच्या पुढे गायकवाडी हद्द. तिथं आपली सत्ता नाही," असे म्हणून कांडी उचलत. रोग्यांनाही ते पाठ झाले होते. एक हवालदार बाहेर येऊन ऐटीत सांगे, "मन्हं तिकीट थेट नवापूरनं व्हतं!"

चाकू नाही, रक्त नाही, क्लोरोफॉर्म नाही. घाबरट माणसेही येऊ लागली. काठी संस्थानाकडच्या डोंगरातून पावरा जमातीतला एक बाप आपल्या तान्ह्या मुलीला घेऊन आला. तिच्या कपाळावर लाल, फुगीर, मुठीएवढी खूण होती आणि ती वाढत होती. दोन-तीन वेळा थंडी दिल्यावर ती बसली, फिकी झाली. त्या बापाची भाषा डॉक्टरांना येत नव्हती. तो मुलीच्या कपाळावर आणि डॉक्टरांच्या हातावर आळीपाळीने बोट ठेवून हसत होता.

पण डॉक्टर अपयशही लपवत नसत. एका सुताराच्या बोटावरची चामखीळ गेली, मात्र बोटाचे टोक बधिर झाले. त्याला रंध्यावर हात बसवता येईना. थंडी खालच्या शिरेपर्यंत पोहोचली होती. "थंडीला वर कुठे थांबायचं ते आपण सांगू शकतो. खाली कुठे थांबायचं, ते दिसत नाही," डॉक्टर म्हणाले. नंतर ते बोटाला कांडी लावेनासे झाले. वर्ष होत आले तरी ते सुताराच्या घरी जाऊन त्याच्या बोटाला सुई टोचून बघत. सुतारच शेवटी कंटाळून म्हणाला, "डाक्टर, बोटले राहू द्या, आते तुम्हनाच जीव बधिर व्हई."

मी कॉलेजात असताना माझ्या थोरल्या बहिणीला कातडीचा रोग झाला.

तिला आम्ही आक्का म्हणत असू. तिचे सासर तापीपलीकडे, शहाद्याच्या बाजूला. तिला तीन वर्षांची मुलगी होती, मथुरा. आक्काच्या डाव्या गालावर, डोळ्याच्या खाली, तांबूस चट्टा उठला होता. तो हळूहळू पसरत होता आणि मधून चिघळत होता. सासरच्यांनी ठरवले की ही रगतपिती, म्हणजे महारोग. त्यांनी तिला आमच्या घरी आणून घातले आणि मथुराला ठेवून घेतले. जाताना तिचे सासरे म्हणाले, "बरी व्हयनी तं लई जासूत. नही तं नही." म्हणजे गाल बरा झाला तर पोर मिळणार होती.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी नंदुरबारलाच राहिलो होतो. शेठजींच्या मुलांना शिकवत होतो. तेव्हा माझे वडील, आबा, आणि माय आक्काला बैलगाडीत घालून दवाखान्यात घेऊन आले.

डॉक्टरांनी तळवे चोळले. काचेची पट्टी चट्ट्यावर दाबून पाहिली, तेव्हा काचेखाली गुळाच्या पाकासारखे ठिपके दिसले. ते त्यांनी मलाही दाखवले. मग कोंबडीचे पीस घेतले, आक्काला डोळे मिटायला सांगितले आणि चट्ट्यावरून ते अलगद फिरवले.

"काय व्हयनं?"

"काहीतरी फिरनं. गुदगुल्या व्हतीस."

डॉक्टर आबांकडे वळले. "महारोग असता तर हिला कळलंच नसतं. हा महारोग नाही. हा कातडीचा क्षय आहे. हळू चालतो, पण खात जातो. नाक, पापणी, काही सोडत नाही."

मग खुर्ची पुढे ओढून त्यांनी वाईट सांगितले. पांढरा डाग राहील. डोळा जवळ आहे, म्हणून थंडी बेताने द्यावी लागेल, त्यामुळे एका वेळेत भागणार नाही. मुळे खोल असली तर रोग कडेने परत येईल. आणि चांगले? "न केलं तर दोन वर्षांत गाल राहणार नाही. केलं तर बहुतेक राहील. बहुतेक म्हणतोय, नक्की म्हणत नाही."

आक्का म्हणाली, "डाग राहीना तं राहू द्या. मन्ही पोर माले वळखी ना?"

"ओळखेल."

आबा तयार झाले. माय तयार होईना. जे समजत नाही ते ती पोरीच्या तोंडाला लावू देणार नव्हती. डॉक्टरांनी "बर्फ" असे म्हणून पाहिले. बर्फ तिने जन्मात पाहिले नव्हते. मग ते म्हणाले, "गार, माय, गार! आभाळमाईन पडस ती."

"गार?" माय चवताळली. "गार पडस त्या वावरमा काय उगस डाक्टर? कपाशी झोपी जास सगळी. ते मन्ही पोरना तोंडले लावशात?"

डॉक्टर शब्द शोधत इकडेतिकडे बघू लागले. एवढ्यात मायने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि तिच्या मनगटावरची जुनी खूण त्यांना दिसली. लहानपणी कावीळ झाली होती तेव्हा तापवलेल्या लोखंडाने दिलेल्या डामाची ती खूण. आमच्याकडे तेव्हा घराघरात अशा खुणा होत्या. डॉक्टरांचा चेहरा एकदम उजळला.

"माय, हाऊ थंडा डाम शे."

"डाम?"

"डाम. फक्त आग नही. थंडा."

मायने त्यांच्या हातावरच्या पांढऱ्या डागाकडे पाहिले, आपल्या मनगटाकडे पाहिले. "मंग असं सांगा ना पहिलेच," ती म्हणाली. "डाम आम्हले समजस. द्या."

मी शेजारीच उभा होतो. डॉक्टरांनी माझ्याकडे वळून मिस्कीलपणे पाहिले. "सापडला की नाही शब्द? तुमच्या कॉलेजात शिकवतात का हे?" इतके खूश झालेले मी त्यांना पुन्हा पाहिले नाही.

डोळ्यावर जाड कापूस ठेवून त्यांनी कांडी टेकवली. चट्ट्याच्या एकेका भागावर टेकवताना दर वेळी ते खांडबाऱ्यालाच थांबले. पुढे गेले नाहीत. हे मी स्वतःच्या कानांनी ऐकले आहे, म्हणून लिहितो. आक्का हूं की चूं न करता बसून होती. नंतर डॉक्टरांनी आबांना बजावले, फोड येईल, तो फोडायचा नाही, कोरडा ठेवायचा, खपली ओढायची नाही. आबांनी मान डोलावली. भाऊबंदात लग्न होते म्हणून ते त्याच दिवशी गाडी जुंपून परत गेले.

आठवड्याने ती गाडी पुन्हा दवाखान्यासमोर उभी राहिली. आक्काच्या तोंडावर फडके होते. ते काढले तेव्हा मला बघवले नाही. गालाच्या जागी ओली, खोल जखम होती, कडा सुजून वर आल्या होत्या, डोळा मिटला होता आणि त्यातून पू येत होता.

डॉक्टर काही विचारणार एवढ्यात माय पुढे झाली. ती थकलेली होती, पण आपले काम चोख केलेल्या माणसाचा भाव तिच्या चेहऱ्यावर होता.

"डाक्टर, तुम्हीन डाम दिधा, मी एक दिन बी वाळू दिधा नही. रुईना चीक लाया. बराबर व्हावाडी ऱ्हायनू मी."

डामाची रीत आमच्याकडे अशी आहे, किंवा होती, की डाम दिला म्हणजे काम निम्मे झाले. उरलेले निम्मे म्हणजे तो वाळू न देणे. रुईचा चीक लावून ती जखम वाहती ठेवायची. तिच्यातून रोग वाहून जातो. डाम वाळला तर रोग आत कोंडला, असे समजत. मायच्या मनगटाचा डाम तिच्या आईने असाच वाहता ठेवला होता.

डॉक्टरांचा हात जखमेजवळ तसाच थांबला. त्यांनी एकच शब्द विचारला.

"रोज?"

"रोज. सकाय-सांज."

डॉक्टरांनी तो हात मागे घेतला. मग म्हणाले, "बरं करं, माय. आते वाळाडनं काम मन्हं."

ते हात धुवायला बाहेर ओट्यावर आले. आबा बैल सोडून तिथे आले; आठवडाभर लग्नघरीच गुंतल्याने घरात काय चालले ते त्यांना ठाऊक नव्हते. त्यांना डामाच्या रीतीशी काही देणेघेणे नव्हते. त्यांना पोरीचा डोळा दिसत होता. "डाक्टर, हे काय व्हयनं? कोणी करं हे?"

"थंडी जास्त झाली," डॉक्टर म्हणाले. "डोळ्याजवळ इतकी द्यायला नको होती. माझ्या हातून झालं."

मी दारात होतो. आतली वाक्येही मी ऐकली होती आणि हीही ऐकली. आबांचा हात काठीवर घट्ट झाला होता. डॉक्टरांनी तो पाहिला आणि तिथेच उभे राहिले, बाजूला सरले नाहीत.

संध्याकाळी आम्ही दोघेच असताना मी त्यांना विचारले, असे का सांगितले? ते म्हणाले, "शब्द माझा होता. डाम म्हटल्यावर पुढचं सगळं त्या शब्दातच होतं. मला तो अर्धाच येत होता." पुन्हा म्हणाले, "त्या बाईनं कुठं चूक केली, सांग. तिनं ऐकलं तसं केलं. घरात तुझ्या आबांना हे कळलं तर ते तिला उभ्या जन्मात बोलत राहतील, आणि ते बोलले नाहीत तरी ती स्वतः राहील का?"

आक्का दोन महिने माझ्या खोलीत राहिली. डॉक्टर स्वतः सकाळ-संध्याकाळ पट्टी बांधत. जखम भरली, पण भरताना आवळत गेली. खालची पापणी ओढली जाऊन उलटी झाली, डोळ्यातून सदा पाणी वाहू लागले, बुबुळावर सायीसारखा पडदा आला. गालाच्या मधोमध मोठा पांढरा डाग राहिला. आश्चर्य म्हणजे रोग मात्र गेला होता. काचेखाली ते ठिपके दिसत नव्हते.

डॉक्टरांनी त्याच आधारावर आक्काच्या सासऱ्यांना बोलावणे धाडले. पोर मिळण्याची तेवढीच आशा उरली होती. ते आले, दारातच उभे राहिले.

"रगतपिती व्हती, आते कोड बी व्हयनं," ते म्हणाले.

"कोड नाही, रगतपितीही नाही. व्रण आहे," डॉक्टर म्हणाले. "माझं ऐकू नका. तुम्ही स्वतः पाहा." त्यांनी कोंबडीचे पीस सासऱ्यांच्या हातात दिले. आक्काला डोळे मिटायला सांगितले. चांगला डोळा तिने मिटला. दुसरा मिटत नव्हता, त्यावर तिने हात धरला. "आता हे तिच्या गालावरून फिरवा. महारोग असेल तर तिला कळणार नाही."

सासऱ्यांनी लांबूनच हात पुढे केला आणि पीस बरोबर पांढऱ्या डागाच्या मधोमध टेकवले.

"तिथं नाही," डॉक्टर घाईने म्हणाले, "कडेला, कडेला!"

पण सासऱ्यांनी पीस हलवले, गोल फिरवले, दाबले. आक्का तशीच डोळे मिटून बसली होती. सगळे थांबले होते. शेवटी तिनेच विचारले, "लावा ना. कव्हय लावशात?"

व्रणाच्या जागी संवेदना उरत नाही, तिथे थंडीने आणि जखमेने शिरा मेल्या होत्या, हे डॉक्टर समजावत राहिले. सासऱ्यांनी पीस खाली टाकले. आपल्या बोटांकडे पाहिले. ओट्यावरच्या मडक्यातले पाणी घेऊन हात धुतले आणि गाडीत बसले. मथुराचे नाव आक्कानेही काढले नाही. त्याच वर्षी तिच्या नवऱ्याने दुसरे लग्न केले.

रिसबूट डाक्टरने बाईचे तोंड जाळले, ही गोष्ट बाजाराच्या दिवशी चार तालुक्यांत गेली. लोक येईनासे झाले. शेठजींनी भीत भीत सांगितले, "डागदरसाब, अब गॅस नको. लोग म्हारा सोडा पिना बंद करेंगे." डॉक्टरांनी वाद घातला नाही. कातड्याची ती पिशवी त्यांनी कात्रीने कापली आणि तिचे तुकडे चष्मा पुसायला ठेवले. काठीकडचा तो पावरा बाप पुन्हा एकदा आला, शेजारणीच्या मुलाला घेऊन. त्याच्या गालावर तशीच लाल खूण होती. डॉक्टरांनी त्याला परत पाठवले. त्या मुलाचे पुढे काय झाले माहीत नाही. थंडीने बऱ्या झालेल्या माणसांपैकी कोणीही बाजारात उभे राहून काही बोलले नाही. शेठजींच्या मानेवर मस नव्हता, एवढेच.

विलायतेत लढाई सुरू झाली त्या वर्षी डॉक्टरांनी नंदुरबार सोडले. ते कोकणात भावाकडे चालले होते. पोचवायला मी एकटाच होतो. ते स्वतःच्या ट्रंकेवर बसले होते. खडीसाखरेचा पुडा मांडीवर होता, पण त्यातून त्यांनी काही घेतले नाही. एक शेतकरी हात पुढे करून जवळ आला आणि बोटावरची गाठ दाखवू लागला. डॉक्टरांनी तळवे चोळले, गाठ दाबून पाहिली.

"ठणकस का?"

"नही."

"मंग राहू दे. ती कोनले खास नही."

तो गेल्यावर ते माझ्याकडे वळले. मला वाटले, ते आक्काविषयी विचारतील. त्यांनी विचारले, "तुझ्या आईला कुणी काही बोललं नाही ना?"

"नाही."

"तिला संशय?"

"नाही."

"मग ठीक आहे," ते म्हणाले. गाडी आली. डब्यात चढल्यावर त्यांनी खिडकी बंद करून घेतली; बाहेर धूळ फार होती. काचेतून ते सुतळी कानामागे सारखी करताना दिसले.

दोन वर्षांनी मी त्यांना पत्र पाठवले. त्याचे उत्तर आले नाही. ते पोचले की नाही, हेही कळले नाही. माझ्याकडे त्याची नक्कल आहे, ती देतो.

"तीर्थरूप डॉक्टरसाहेब यांस,

साष्टांग नमस्कार.

आक्का गेल्या महिन्यात वारली. गालावरचा रोग अखेरपर्यंत परत आला नाही. तो छातीत उतरला होता. खोकला सुरू झाल्यावर फार दिवस निघाले नाहीत. मथुराला निरोप धाडला होता. तिच्या घरच्यांनी पाठवले नाही. आक्काने तिचे नाव घेतले नाही, पण शेवटच्या दिवसांत दारातून कोणी लहान मूल आत आले की ती गालावर पदर ओढून घेई.

आपल्याला कळवायचे ते इतकेच नाही. गावात अजून लोक आपल्याला दोष देतात. आबाही देतात. माय मात्र कोणाला बोलू देत नाही. ती प्रत्येकाला सांगते, डॉक्टरांचा डाम चांगला होता. तो आम्हीच दवाखान्यात नेऊन वाळू दिला, म्हणून रोग आत कोंडला आणि छातीत गेला. अजून महिनाभर वाहता ठेवला असता तर पोर वाचली असती. दवाखान्यात परत आणण्याचा हट्ट आबांचा होता, म्हणून ती याबद्दल स्वतःला दोष देत नाही, आबांनाही फारसा देत नाही.

मी तिला काही सांगितलेले नाही. आपण कधी इकडे आलात आणि तिने आपल्यासमोर हे म्हटले, तर आपणही हो म्हणावे, एवढीच विनंती."